मेक्सिकोचे सोने: मुशीतून निघालेले आणि मुशीतून वाचलेले

रानजाई (धाग्याची सुरुवात)

नवऱ्याच्या नोकरीच्या निमित्ताने साडेतीन वर्षे ग्वादालाहारा येथे राहून आम्ही नुकतेच पुण्याला परतलो. सामानाची खोकी उघडत असतानाच नात्यातील बायकांनी विचारले, "तिकडचे सोने कसे असते गं?" मी एक छोटी डबी उघडून कानातले बाहेर काढले. मावशींनी ते तळहातावर घेतले, हात दोनदा वरखाली करून वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर फुलासारखे हलके आहे." त्या वाक्यात कौतुक किती होते आणि निराशा किती होती, हे मला अजून उमगलेले नाही. त्या दिवसापासून हा धागा काढायचे मनात होते.

मेक्सिको म्हटले की दागिन्यांच्या बाबतीत प्रथम चांदीच आठवते, आणि तास्को गावाची कीर्ती पाहता त्यात वावगे काही नाही. परंतु तिथल्या सोन्याची गोष्ट अधिक जुनी आहे आणि मला विचाराल तर अधिक विलक्षणही आहे, कारण ती बव्हंशी वितळवून टाकलेल्या वस्तूंची गोष्ट आहे. आस्तेक लोकांच्या नावात्ल भाषेत सोन्याला 'तेओक्वीतलात्ल' म्हणतात, म्हणजे शब्दशः देवाची विष्ठा. पिवळी म्हणजे सोने आणि पांढरी म्हणजे चांदी, असा त्यात भेद करतात. हे ऐकून आपल्याकडचे लोक नाक मुरडतात, पण त्या शब्दात तिरस्कार नाही. सूर्यासारख्या देवतेच्या देहातून पडलेली वस्तू अशी ती कल्पना आहे. सोनारांचा देव शिपे तोतेक, आणि मेक्सिको सिटीत आज सामावून गेलेले आस्कापोत्साल्को हे त्यांचे नावाजलेले गाव.

हे सोनार काम कसे करीत, ते बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन साधूने सोळाव्या शतकात स्थानिक जाणकारांकडून तपशीलवार लिहून घेतले आहे. कोळशाची वस्त्रगाळ पूड कुंभाराच्या मातीत मळून तिचा गाभा करायचा, तो वाळल्यावर कोरून त्याला कासवाचा, पक्ष्याचा किंवा माणसाच्या चेहऱ्याचा आकार द्यायचा, त्यावर कोपाल नावाच्या राळेत मिसळलेल्या मेणाचा पातळ थर चढवायचा, वरून पुन्हा कोळशाचा लेप द्यायचा आणि तापवून मेण वाहून गेले की त्या पोकळीत सोने ओतायचे. आपल्याकडे चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त मूर्ती ओतण्याची जी मेणाची रीत सांगितली आहे, तिचीच ही दूरची, कधीही न भेटलेली बहीण. ओतकाम झाल्यावर दागिना तुरटीच्या पाण्यातून काढून तापवीत आणि मग एका खारट मातीच्या 'औषधाने' घासून त्याला पिवळी झळाळी आणीत. म्हणजे सोन्यात तांबे अधिक असले तरी वरचा थर शुद्ध दिसावा, ही युक्ती त्यांनाही पक्की ठाऊक होती.

मेक्सिकोवर स्वारी करणारा स्पॅनिश सेनानी कोर्तेस याने स्पेनच्या राजाला पाठवलेला नजराणा १५२० साली ब्रसेल्स येथे मांडला होता, तेव्हा तो जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने पाहिला. हा स्वतः सोनाराचा मुलगा, बापाच्याच हाताखाली काम शिकलेला. त्याने रोजनिशीत एक वाव रुंदीच्या सोन्याच्या सूर्याची आणि तेवढ्याच चांदीच्या चंद्राची नोंद केली आणि दूरदेशीच्या त्या माणसांच्या बुद्धीने आपण थक्क झालो असे लिहिले. तो सूर्य आज कुठेही नाही. त्या काळी युरोपात पोचलेले असे बहुतेक सोने मुशीत गेले, आणि जे पोचले नाही ते मेक्सिकोतच आटवून त्याच्या कांबी करण्यात आल्या. त्यातली एक कांब १९८१ साली मेक्सिको सिटीत इमारतीचा पाया खणताना एका मजुराला सापडली. वजन १.९३ किलो. ३० जून १५२० च्या रात्री स्पॅनिश सैनिक शहरातून पळून जाताना ती कालव्यात पडली असावी, या तर्काला २०२० साली केलेल्या क्ष-किरण तपासणीने दुजोरा मिळाला.

आता यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट. आस्तेक राजा आशायाकात्लच्या ज्या वाड्यात स्पॅनिश लोक उतरले होते आणि जिथे त्यांना भिंतीआड दडवलेला खजिना सापडला, त्याच जागेवर आज मुख्य चौकाच्या पश्चिमेला 'नासिओनाल मोंते दे पिएदाद' ही इमारत उभी आहे. पेद्रो रोमेरो दे तेर्रेरोस या खाणमालक सरदाराने १७७५ साली स्थापन केलेली ही धर्मादाय गहाणपेढी आहे. न सोडवलेले दागिने तिथे विक्रीला मांडलेले असतात. पाचशे वर्षे झाली, तरी सोने त्याच जागी तोलले जात आहे.

जे वाचले ते जमिनीखाली होते म्हणून वाचले. वाहाका शहराजवळच्या मोंते अल्बान डोंगरावर अल्फोन्सो कासो यांना जानेवारी १९३२ मध्ये सात क्रमांकाची कबर सापडली. कबर मूळची सापोतेक लोकांची, पण नंतर मिश्तेक लोकांनी ती उघडून आपली माणसे त्यांच्या अलंकारांसह तिथे ठेवली होती. सोने, पिरोजा, मोती, स्फटिक मिळून चारशेहून अधिक वस्तू. वाहाकातील सान्तो दोमिंगो मठाच्या वस्तुसंग्रहालयात त्या पाहताना मी एका पदकापुढे बराच वेळ उभी राहिले. छातीवर घालायचे पदक, वरती मुखवट्यासारखा हाडाचा जबडा असलेला चेहरा, शिरोभूषणाची एकेक दोरी वेगळी दिसणारी. प्रथमदर्शनी वाटते की बारीक तारा वळवून डाग देऊन जोडल्या आहेत. तसे नाही. मेणाचे धागे वळून आधी सगळे मेणातच रचले आहे आणि मग अखंड ओतले आहे. डागाची खूण कुठेच नाही, आणि दोन 'तारा' जिथे मिळतात तिथे त्या एकमेकींत किंचित वितळल्यासारख्या वाटतात. खरे तारकाम स्पॅनिश सोनारांबरोबर नंतर आले आणि वाहाकाच्या कारागिरांनी ते असे उचलले की आज ते तिथलेच वाटते.

माझ्या डबीतले कानातले याच दुसऱ्या प्रकारचे आहेत: चंद्रकोरीच्या आकाराची 'आर्राकादा', आत पीळ दिलेल्या चपट्या तारेच्या वेलांट्या आणि खाली पाच बारीक मोत्यांचे लोलक. १४ कॅरट, जोडीचे वजन सहा ग्रॅमहून थोडे अधिक, आणि दुकानदाराच्या म्हणण्यानुसार १९५० च्या सुमाराचे. जाणकारांनी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही मेक्सिकन सोन्याविषयी आपापले अनुभव लिहावेत. आणि एक प्रामाणिक प्रश्न: १४ कॅरटला आपण मराठी माणसे सोने मानायला तयार आहोत का?

---

जुना_सराफ

रानजाई, आपला शेवटचा प्रश्न आमच्या पेढीवर साठ वर्षांपूर्वी सरकारनेच विचारून झाला आहे. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. वडील सांगत की गिऱ्हाईक दुकानात येई, १४ कॅरटची बांगडी हातात घेई आणि "ही पितळेची का?" असे विचारून खाली ठेवी. कित्येक कारागिरांची भाकरी त्या नियमाने हिरावली. १४ कॅरटविषयीचा आपला राग हा निव्वळ धातुशास्त्राचा नाही, त्यात ही जुनी कटू आठवणही मिसळलेली आहे, हे तरुण मंडळींना माहीत नसते.

आता धातूचे बोलतो. २२ कॅरटची तार मऊ असते. तिची जाळी केली आणि ती रोज कानात घातली, तर वर्षभरात आकार बसतो. १४ कॅरटमध्ये सोने ५८.५ टक्के, उरलेले तांबे आणि चांदी. त्यामुळे तार ताठ राहते आणि केसाएवढी बारीक ओढली तरी वेलांटी उमलून येत नाही. मावशींना जे हलके वाटले ते त्या तारेच्या ताठपणामुळे शक्य झाले आहे. हेच काम २२ कॅरटमध्ये हवे असेल तर तार जाड घ्यावी लागेल आणि मग ती नजाकत राहणार नाही.

तारकाम पाहताना भिंगाखाली डागाच्या जागा पाहाव्यात. चांगल्या कारागिराचा डाग तारांच्या मधल्या फटीत साचत नाही; टाकणखार लावून डागाची कीस चिमटीने पेरलेली असते आणि ती नेमकी सांध्यापुरती वितळते. घाईच्या कामात फटी भरून जातात आणि जाळी आंधळी होते. जुन्या दागिन्यात अशा आंधळ्या जागा दिसल्या तर तो नंतर कोणीतरी दुरुस्त केला आहे, असे समजावे.

---

सातासमुद्रापार

सॅन अँटोनिओ येथे गेली अठरा वर्षे राहत असल्यामुळे जुन्या मेक्सिकन दागिन्यांचा बाजार जवळून पाहण्याची संधी मला मिळाली आहे, आणि त्यात एकदा फसण्याचीही. एका रविवारच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात मी सोन्याचे म्हणून एक रुंद कडे घेतले. मागे 'मेक्सिको' असा ठसा होता, शेजारी ९२५ हा आकडाही होता, आणि मी उत्साहाच्या भरात तो आकडा वाचून न वाचल्यासारखा केला. ९२५ म्हणजे चांदी. वर सोन्याचा मुलामा. विक्रेत्याने खोटे सांगितले असे मी म्हणणार नाही, कारण मी विचारलेच नव्हते.

त्यानंतर मी काही नियम स्वतःला घालून घेतले. सोन्यासाठी १०के, १४के, १८के किंवा ५८५, ७५० असा ठसा हवा; ठसा कडीवर एक आणि मुख्य भागावर दुसरा असेल तर कडी बदललेली असू शकते. वजनाच्या काट्यावर दागिना आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत तोलला, तर घनता काढता येते: शुद्ध सोने १९.३, १४ कॅरट साधारण १३ ते १४, चांदी साडेदहाच्या आत. मोती किंवा खडे जडवलेल्या दागिन्याला ही परीक्षा चालत नाही, हे रानजाईंनी लक्षात ठेवावे.

आणि एक गोष्ट ठामपणे लिहितो. "खरे प्राचीन, कबरीतले" असे सांगून कोणी सोन्याचा मणी दाखवला, तर तिथून निघून यावे. तो खोटा असेल तर पैसे गेले, आणि खरा असेल तर तो मेक्सिकन राष्ट्राची मालमत्ता आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे तो देशाबाहेर नेता येत नाही. हौसच असेल तर वाहाकात मोंते अल्बानच्या दागिन्यांच्या प्रतिकृती मेणाच्या ओतकामानेच करून उघडपणे विकल्या जातात, त्या घ्याव्यात.

---

पिंपळपान

चर्चा वाचनीय आहे, परंतु थोडे विरजण घालतो. सहा ग्रॅमचे १४ कॅरट म्हणजे साडेतीन ग्रॅम सोने. आपल्याकडच्या सराफाकडे मोडायला नेल्यास तेवढ्याचेच पैसे, त्यातही घट वजा. मग 'आकर्षण' कशाचे? घडणावळ पहिल्याच दिवशी बुडते. आमच्या आजीचे साधे गणित होते: अडीअडचणीला जो दागिना उपयोगी पडतो तो दागिना, बाकीचा शृंगार. मेक्सिकोतल्या बायकाही काही फुलांच्या वेलांट्या बघून सोने घेत नसतील.

---

रानजाई

पिंपळपान, तुमच्या आजींचे आणि तेवांतेपेकच्या संयोगभूमीतल्या बायकांचे चांगले जमले असते. वाहाका राज्याच्या दक्षिणेला, जिथे देशाची कंबर बारीक होते, तिथे हुचितान आणि तेवांतेपेक ही गावे आहेत. बाजार तिथे बायकांच्या हातात आहे आणि सोनेही. मे महिन्यात तिथे 'वेला' नावाचे रात्रभर चालणारे उत्सव होतात. मखमलीवर मोठमोठी फुले भरलेला पोशाख आणि त्यावर गळ्यापासून पोटापर्यंत सोन्याच्या नाण्यांच्या माळा, अशा थाटात बायका येतात. मेक्सिकन चित्रकार फ्रिदा काहलोने जगाला ओळखीचा करून दिलेला तो तेवाना पोशाख हाच.

मला एका शेजारणीच्या नात्यातल्या घरी मुक्कामाला जायचा योग आला. घरच्या आजीबाई साडेसहा वाजता खोलीचे दार लावून माळ काढत बसल्या आणि मला जवळ बसवून घेतले. मधोमध मोठे नाणे, ५० पेसोचे 'सेन्तेनारियो', दोन्ही बाजूंना लहान होत जाणारी नाणी. स्वातंत्र्याच्या शंभर वर्षांनिमित्त १९२१ साली पहिल्यांदा पाडलेले हे नाणे ३७ मिलिमीटर रुंद, ४१.६७ ग्रॅम वजनाचे आणि ९० टक्के शुद्ध आहे, म्हणजे आत नेमके साडेसदतीस ग्रॅम सोने. हा आकडा उगाच आलेला नाही: १९०५ च्या चलनसुधारणेने एक पेसो म्हणजे पाऊण ग्रॅम शुद्ध सोने असे ठरवले होते, त्याची ही पन्नास पट. आजीबाईंना हा हिशेब ठाऊक नव्हता, पण कोणते नाणे कोणत्या मुलीच्या वाट्याचे हे तोंडपाठ होते. एक नाणे उलटे करून त्यांनी दाखवले. ते अमेरिकन होते.

हे अमेरिकन नाणे मला परतीच्या वाटेवरही सोडेना. १९३३ साली अमेरिकेच्या सरकारने लोकांकडची सोन्याची नाणी जमा करवली आणि त्यांतली बहुतांश वितळवली. मेक्सिकोनेही १९३१ साली सोन्याचे चलन सोडले. म्हणजे दोन्ही सरकारांनी ज्यांचा चलन म्हणून निकाल लावला ती नाणी या बायकांच्या गळ्यात मात्र राहिली. १९७६, १९८२ आणि १९९४ साली पेसो कोसळला, तेव्हा कागदाच्या नोटा बाळगणाऱ्यांपेक्षा माळ बाळगणाऱ्यांची झोप कमी उडाली असणार.

आणखी एक निरीक्षण. चांगल्या माळेत नाण्याला थेट डाग दिलेला नसतो. नाणे बारीक कंगोऱ्याच्या कोंदणात बसवून कडी त्या कोंदणाला लावलेली असते, म्हणजे गरज पडली तर नाणे अंगावर ओरखडा न येता बाहेर निघते आणि पुन्हा नाणे म्हणून विकले जाते. आपल्या पुतळ्यांच्या माळेत कडी पुतळीलाच डागलेली असते. आपल्या पुतळीचा नमुनाही शेवटी व्हेनिसच्या नाण्याचाच, पण आपण तिला पुन्हा बाजारात जाण्याची वाट ठेवली नाही.

तेव्हा तुमचे म्हणणे अर्धे मान्य. वजनाचे सोने मेक्सिकोतही आहे आणि मानाने आहे. वेलांट्यांचे सोने वेगळ्या कारणासाठी घ्यायचे असते. दोन्हींना एकच काटा लावला की दोन्हींवर अन्याय होतो.

---

सातासमुद्रापार

नाण्यांच्या बाबतीत एक सावधगिरी. २ आणि अडीच पेसोच्या नाण्यांवर १९४५ आणि सेन्तेनारियोवर १९४७ असे साल दिसले, तर नाणे त्याच वर्षीचे आहे असे समजू नये. तेच साल ठेवून ही नाणी पुढे अनेक वर्षे पाडली गेली. सोने तितकेच असते, फक्त 'जुने' म्हणून जादा पैसे देण्याचे कारण नसते. २० पेसोच्या नाण्यावर आस्तेक सूर्यशिळा आहे, १५ ग्रॅम शुद्ध सोने; लॉकेट म्हणून हे फार चालते.

---

वसईची_वाट

मेक्सिको आणि सोनार हे दोन शब्द एकत्र वाचून राहवले नाही. आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मरण पावले, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असते. त्या सव्वीस जणांत मेक्सिको सिटीचा एक तरुण होता, फेलिपे दे हेसूस. आईवडिलांनी त्याला चांदीच्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवले होते, असे परंपरा सांगते, आणि पुढे तिथल्या सोनार-चांदीकारांच्या श्रेणीने त्याला आपल्या व्यवसायाचा माणूस म्हणून मान दिला. दोघांना १८६२ साली एकाच दिवशी संतपद मिळाले.

त्या कारागिरांची पेठ म्हणजे 'प्लातेरोस' रस्ता. मुख्य चौकातून निघणाऱ्या या रस्त्यावर शहरातल्या सोनारांची दुकाने एकत्र आणण्यात आली होती. १९१४ च्या डिसेंबरात क्रांतिकारक सेनानी पांचो व्हियाने त्याला मारले गेलेले राष्ट्राध्यक्ष मादेरो यांचे नाव दिले. मी गेलो तेव्हा दागिन्यांची दुकाने तिथे आणि लगतच्या गल्ल्यांत अजूनही दाटीवाटीने होती. रानजाईंनी सांगितलेली गहाणपेढीची इमारत तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

---

रेघोटी

मी दागिन्यांचे आरेखन करते, म्हणून नव्या कामाविषयी लिहिते, कारण आतापर्यंत सगळेजण जुन्यातच रमले आहेत.

आधुनिक मेक्सिकन दागिन्यांची सुरुवात सहसा विल्यम स्प्रॅटलिंगपासून सांगतात. हा अमेरिकन वास्तुशास्त्राचा शिक्षक १९२९ साली तास्कोला स्थायिक झाला आणि १९३१ साली त्याने कार्यशाळा काढली. तास्को खाणींचे गाव असल्यामुळे त्याने चांदी निवडली. परंतु त्याने पहिला कसबी माणूस आणला तो आर्तेमिओ नावार्रेते, आणि हा मूळचा इग्वाला गावचा सोनार होता. इग्वालात तेव्हा सोन्याचे काम चालत असे, आजही तिथला सोन्याचा बाजार प्रसिद्ध आहे. म्हणजे जगभर गाजलेल्या त्या चांदीला पहिला हात सोन्याच्या कारागिराचा लागला. पुढे तिथूनच अनेक स्वतंत्र कार्यशाळा निघाल्या. मेक्सिको सिटीत 'ताने' ही पेढी १९४२ सालची. तीही मुख्यतः चांदीसाठी ओळखली जाते, पण सोन्यातही काम करते.

आता माझे मत, आणि ते काहींना रुचणार नाही. सूर्यशिळेचे गोल लॉकेट हा मेक्सिकन सोन्याचा सर्वांत खपणारा आणि सर्वांत कंटाळवाणा नमुना आहे. १७९० साली मुख्य चौकात खणताना निघालेला तो प्रचंड दगड बोटभर चकतीवर छापला की त्याच्या कोरीव रेषा गिचमिड होतात. जुने चित्र उचलून ठशाने उमटवणे म्हणजे परंपरा नव्हे. याउलट दानिएला व्हिएगास ही मेक्सिकोत जन्मलेली आणि लॉस एंजेलिसमध्ये काम करणारी कलावंत पाहा. ती १८ कॅरट सोन्यात भुंगे, विंचू, टोळ घडवते आणि खऱ्या भुंग्यांची कवचेही वापरते. मेक्सिकोतील बाजारात टोळ खायला मिळतात, हे ज्याला माहीत आहे त्याला ती अंगठी नुसती विचित्र वाटत नाही, ओळखीची वाटते. आस्तेक सोनारही कोळशाच्या गाभ्यावर कासव आणि पक्षीच कोरत होते. चित्राची नक्कल न करता नजर उचलणे ते हे.

ग्वादालाहारातील कारखान्यांतून येणारे साखळ्या, बाळ्या, नावांची पदके असे १० आणि १४ कॅरटचे उत्पादन मात्र मला जगातल्या कोणत्याही विमानतळावर शोभेल असे वाटले. रानजाई तिथे राहिल्या आहेत, त्यांचे वेगळे मत असू शकते.

---

रानजाई

वेगळे नाही. साडेतीन वर्षांत तिथल्या सोन्याच्या इमारतींमधून मजल्यामागून मजले फिरले, आणि शेवटी घेतले ते बाहेरगावी. एक अपवाद म्हणजे मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाच्या अंगठ्या. त्या निवडायला आलेली सबंध कुटुंबे काचेवर वाकून ज्या गांभीर्याने चर्चा करीत, ते पाहून लक्ष्मी रस्त्यावर मंगळसूत्र घ्यायला आलेली माणसे आठवत.

आता अडचण सांगते. एका कानातल्यातला एक लोलक निखळला आहे. इथल्या एका मोठ्या दुकानात नेले तर काउंटरवरच्या मुलाने यंत्रावर ठेवून १४ कॅरटचा आकडा वाचला आणि दुरुस्तीचे विचारण्याआधीच "मॅडम, मोड करून टाका, वर थोडे घालून छान टॉप्स होतील," असे सुचवले. मी डबी उचलून घरी आले. सराफकाका, हे कोणाकडे न्यावे?

---

जुना_सराफ

त्या मुलावर रागावू नका. त्याला विकायला शिकवले आहे, डाग द्यायला नाही. दुकानात नेऊच नका. पेठेत वरच्या मजल्यावर बसणारे, पेढ्यांना काम करून देणारे बंगाली कारागीर असतात, त्यांच्यापैकी तारकाम करणारा कोण आहे हे विचारून थेट त्याच्याकडे जा. पाठवताना तीन गोष्टी समक्ष सांगा. पहिली, डाग १४ कॅरटसाठीचाच वापरायचा; आपल्याकडे सवयीने २२ कॅरटचा डाग घेतात, तो उशिरा वितळतो आणि तेवढ्या आंचेत शेजारची बारीक तार आधी बसते. दुसरी, आंच देण्यापूर्वी सगळे मोती उतरवायचे, नाहीतर ते जळून पांढुरके होतील. तिसरी, काम झाल्यावर ओप देऊन चकाकवायचे नाही. तारेच्या खाचांत जो काळसर रंग बसला आहे, त्यामुळेच वेलांट्या उठून दिसतात. तो गेला की सत्तर वर्षे गेली.

घरी स्वच्छ करायचे असल्यास रिठ्याचे पाणी गाळून कोमट करा, मऊ ब्रश त्यात बुडवून फक्त सोन्याच्या भागावर फिरवा आणि मोत्यांना पाणी लागू न देता लगेच सुती कपड्यावर उलटे ठेवून वाळवा. दुरुस्तीआधी आणि नंतर दोन्ही वेळा वजन लिहून ठेवा.

---

पिंपळपान

वजन लिहून ठेवाच. आणि दुरुस्तीनंतर छायाचित्रही टाका, तेवढी वेलांटी पाहायची उत्सुकता आता मलाही लागली आहे.